मोठ्या हौदाचे वळखमामा

वळखमामा माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघत नसत. आधी पाय बघायचे, मग चाल, आणि तोंड अगदी शेवटी. तेही ओळख पटवायला नव्हे, तर बोलताना समोरच्याकडे बघावं एवढ्यापुरतं. त्याला कारण त्यांचं दुकान. जुन्या शहरात मोठ्या हौदाच्या कडेला त्यांचं घोंगड्यांचं दुकान होतं. बांधलं तेव्हा ते रस्त्याच्या वर दोन पायऱ्या होतं म्हणे. मी पाहिलं तेव्हा रस्त्याच्या खाली गेलेलं होतं. दर निवडणुकीच्या आधी गल्लीत डांबराचा नवा थर पडायचा, जुना कुणी खरवडायचं नाही, आणि मामा बसल्या जागी एकेक निवडणूक खाली जात राहिले. शेवटी शेवटी रस्त्यावरून जाणाऱ्याच्या पोटऱ्याच त्यांच्या डोळ्यांसमोर यायच्या. "मपलं दुकान खाली नाय गेलं बाई," ते म्हणायचे, "वॉर्ड वर गेला."

मामा मूळचे पिशोरकडचे. घराण्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. वडिलांनी त्यांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या. मेंढरू पुढून नाही, मागून ओळखायचं, कारण चालताना ते आपल्याला पाठच दाखवतं. आणि कळप कधी मोजायचा नाही. मोजलं की घटतं, अशी त्यांच्यात समजूत. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाघरीत शिरू लागली की तोंडाशी उभं राहायचं आणि एकेकाला ओळखून आत सोडायचं. जे ओळखायचं राहिलं ते हरवलं, मग कंदील घेऊन निघायचं. मामा तरुणपणी शहरात आले, मेंढरं सुटली, पण रीत सुटली नाही. घरात माणसं किती असं विचारलं तर ते आकडा देत नसत. मी मतदार यादीचा फॉर्म घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "मी हाय. थोरला हाय, त्याची मंडळी हाय. धाकला पुण्याला ऱ्हातो पर दिवाळीला येतो, म्हंजी हायच. आता तुमचं तुमी बगा." फॉर्मवरचा आकडा मी लिहिला. तो त्यांनी पाहिला नाही.

या वळखण्यामुळेच ते वळखमामा झाले. मतदान केंद्रात उमेदवारांची माणसं बसतात, गल्लीच्या भाषेत एजंट. आत येणारा मतदार खरा की खोटा हे त्यांनी सांगायचं. मोठ्या हौदाच्या वॉर्डात प्रत्येक निवडणुकीत मामा एजंट. कुणाचे, हे विचारण्यात अर्थ नव्हता. जो आधी दुकानाशी वाकून "मामा, बसता का" म्हणेल त्याचे. मत ते बहुतेक दुसऱ्यालाच देत असावेत. पण केंद्रात बसले की उमेदवार, पक्ष, जात, मोहल्ला सगळं बाहेर. माणूस दारातून आत आला की त्याच्या पायांकडे बघून एक शब्द बोलायचे, "वळखतो." तो शब्द झाला की समोरच्या पक्षाचा एजंटही यादीवरून मान वर करत नसे. बोटाला शाई लागायची.

मोठ्या हौदाचा वॉर्ड म्हणजे काय, ते मला मामांकडूनच कळलं. कागदावर तो एक क्रमांक होता, आणि तोही दर खेपेला बदलणारा. मामांच्या लेखी तो हौदापासून चिंचेपर्यंत आणि चिंचेपासून नाल्यापर्यंत होता. हौदात पूर्वी नहरीचं पाणी यायचं. सगळी गल्ली तिथं पाणी भरायची, म्हणून मामांना सगळी गल्ली पायांवरून पाठ. नगरपालिकेच्या काळात दोन म्हातारे मेंबर आलटून पालटून निवडून यायचे आणि हरलेला जिंकलेल्याच्या घरी चहाला जायचा. मग महानगरपालिका झाली, मेंबराचा नगरसेवक झाला आणि चहा बंद झाला. हौद आटला, तो बुजवला, वर फरशी टाकली, आणि ती फरशी प्रचारसभेचं व्यासपीठ झाली. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा एक बाई निवडून आल्या आणि पाच वर्षं सह्या त्यांच्या नवऱ्यानं केल्या. "त्या बाईला मी वळखतो," मामा म्हणायचे, "पर तिला वॉर्ड कुटं हाय ते कुनी दावलंच नाय."

कर्फ्यूच्या दिवसांबद्दल ते कमी बोलायचे. शेजारचे हमीदभाई, ज्यांचं हॉटेल मामांच्या दुकानाला लागून होतं, तेही. त्या दिवसांनंतर गल्लीतली घरं हळूहळू अदलाबदल झाली. चिंचेकडचे मुसलमान नाल्याकडे गेले, नाल्याकडचे हिंदू चिंचेकडे आले. भांडण नाही, तंटा नाही, नुसते टेम्पो भरून सामान गेलं. मामांना मात्र कित्येक महिने रस्त्यावरच्या चाली चुकीच्या वाटत राहिल्या. पुढे प्रभाग आले, नकाशात वॉर्डाचे तीन तुकडे झाले आणि पेपरात त्याची चार ओळींची बातमी आली, तेव्हा मामा मला म्हणाले होते, "नकाशावर आत्ता फुटला. फुटला तवाच व्हता." हमीदभाई भांडं विसळता विसळता म्हणाले, "नक्को मामू, वो बात नक्को."

मी तिथं पहिल्यांदा गेले ते मतदान अधिकारी म्हणून. मी महापालिकेच्या नव्हे, दुसऱ्या एका शाळेत शिकवते, राहते सिडकोत. जुन्या शहरात माझं काही काम नव्हतं. निवडणुकीची ड्यूटी लागली आणि मोठ्या हौदाच्या शाळेतलं केंद्र वाट्याला आलं. उन्हाळा होता. यादी माझ्यापुढं. माझं काम नाव शोधणं, फोटो आणि माणूस जुळवून बघणं. समोर एजंटांच्या बाकावर घोंगडी मांडीवर घेतलेले मामा. एवढ्या उन्हात घोंगडी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "हातात काय तरी पायजे. न्हायतर हात यादीकडं जातो."

वॉर्डात त्या वेळी चुरस होती, आणि बाहेरून बायका आणून बोगस मतदान होणार अशी आवई उठलेली. सकाळीच एक तरुण आला, बिनधास्त नाव सांगितलं. मामांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो बाळू नाय. बाळूला म्या परवा खांदा दिला." केंद्रात सगळे हसले. तरुण पळाला. केंद्राध्यक्षांनी मामांना स्वतःहून पाणी दिलं, दोन्ही बाजूंच्या एजंटांनी त्यांची पाठ थोपटली. मला आता वाटतं, त्या पाण्याच्या ग्लासानंच घात केला. माणूस दिवसभर नम्र राहू शकतो, पण कौतुक झाल्यानंतरचा एक तास फार अवघड असतो.

त्याच तासात सुभद्रा आली. तेव्हा ती खरीच सुभद्रा आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्यापुढं एक डोक्यावरून घट्ट पदर घेतलेली, काळवंडलेली बाई उभी होती, आणि तिच्या हाताला धरून एक तिसरीतली मुलगी. बाईनं ओळखपत्र पुढं केलं. त्यावरच्या फोटोत भरल्या गालांची, केसांत अबोली माळलेली तरुणी. मी फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं. कार्डावरचं नाव मोठ्यानं वाचलं, तिला विचारलं तर तिच्या तोंडून नुसती घरघर आली. मी मामांकडे पाहिलं. मामा तिच्या पायांकडे बघत होते. ती पाय ओढत आली होती, दोन्ही पाय सरळ, घासत.

"वळखत नाय," मामा म्हणाले.

ती त्यांच्याकडे वळली. पदर जरा मागं घेतला. डोक्यावर केस नव्हते. ओठ हलले. पुढे बऱ्याच दिवसांनी मामांनी मला सांगितलं की ती "मामा, मी हाय" म्हणाली होती, ते त्यांना दिसलं होतं, आणि तरीही ते म्हणाले, "ही सुबद्रा नव्हं. सुबद्राची चाल मला म्हाईत हाय. ती करमाडला म्हायेरी हाय."

मुलीनं आईचा हात घट्ट धरला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "ही माझी आई हाय."

केंद्राध्यक्ष चिडले होते, बाहेर रांग वाढत होती. "बाळ, तुझी साक्ष चालत नाही," ते म्हणाले, आणि मला विचारलं, "मॅडम, फोटो जुळतो का?"

मी म्हणाले, "नाही जुळत."

हे मी इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण वळखमामांबद्दल लिहायचं आणि आपलं वाक्य गाळायचं हे बरं नाही. अजून चौकशी करता आली असती. गल्लीतलं दुसरं कुणी बोलावता आलं असतं. केंद्राध्यक्ष म्हणाले, बसा जरा, बघतो. पण ती बसली नाही. तिनं ओळखपत्र पिशवीत ठेवलं, मुलीचा हात धरला आणि पाय घाशीत निघून गेली. मुलगी मात्र मान वळवून बघत राहिली. मामांकडे नाही, माझ्याकडे. मी पुढचं नाव शोधलं.

सुभद्रा हौदापलीकडे, चिंचेखालच्या घरातली. घशाच्या दुखण्यानं सहा महिने माहेरी होती, औषधांनी केस गेले, आवाज गेला. बरं वाटत नव्हतंच, पण मतदानाला न्या म्हणून तिनंच हट्ट धरला होता. का, ते कळायला मार्ग नाही. कदाचित गल्लीत सगळ्यांनी तिला गेलीच असं धरलं होतं, आणि तिला यायचं होतं. निकाल लागून गुलाल उडाला, आणि त्या गुलालावर पुरता झाडू फिरायच्या आत ती गेली. मामा अंत्यविधीला गेले. ते सांगताना त्यांचा आवाज कधी बदलत नसे, म्हणून ऐकणं जास्त जड जायचं. "पाय उगडं व्हतं बाई. तेच पाय. करंगळीचं नख तसंच वाकडं. पाय तेच व्हतं, चाल गेली व्हती. चालीच्या नादात म्या मानूस सोडलं." तिचा नवरा वाळूजला कारखान्यात होता. त्यानं मामांना एका शब्दानं काही विचारलं नाही. मुलगी घेऊन तो तिकडेच राहायला गेला, चिंचेखालच्या घराला कुलूप लागलं.

पुढच्याच वर्षी त्या यादीभागाचं काम माझ्याकडे आलं. दारोदार फिरायचं, नवी नावं घ्यायची, मेलेल्यांची वगळायची. मी नाही म्हणू शकले असते, आजारपणाचं कारण दिलं असतं तर सुटले असते. नाही दिलं. मामांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "वळखतो. या." सुभद्राचं नाव वगळायचा कागद मी काढला, तर त्यांनी तो हातानं झाकला. "ऱ्हाऊ द्या की."

"मामा, ठेवून कसं चालेल? दुसरं कुणी तिच्या नावावर मत टाकील."

"ते बी खरंच." त्यांनी हात काढला. "मी तिला खोडली तवा तिला जीव व्हता, बाई. तुमी आता मेल्यावर खोडताय. तुमचं बरूबर हाय."

त्या दिवसापासून मामांनी एकच गोष्ट मनात धरली. सुभद्राची मुलगी अठरा वर्षांची झाली की तिचं नाव चिंचेखालच्या घराच्या पत्त्यावर यादीत यावं, ती याच शाळेत, याच वॉर्डात पहिलं मत द्यायला यावी, आणि एजंटांच्या बाकावरून आपण सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणावं, वळखतो. बाकी त्यांना काही नको होतं. माफी मागायला वाळूजला जा, असं मी दोनदा सुचवलं. ते म्हणाले, "बेइज्जत चार मानसांत केली. माफी घरात मागून काय उपेग?" त्यात हट्ट होता, आणि थोडा मानही होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माणसाला पश्चात्तापसुद्धा आपल्याच रीतीनं करायचा असतो.

दर वर्षी यादी आली की ते विचारायचे, "पोर कितवीला?" मी हमीदभाईंकडून काढलेली बातमी सांगायची. नववी. दहावी. आयटीआय. मग वाळूजलाच एका कंपनीत शिकाऊ म्हणून लागली. या सगळ्या काळात मामा म्हातारे होत गेले. मोतीबिंदू झाला, एका डोळ्याचा काढला, दुसऱ्याचा राहिला. घोंगडी कुणी घेईना तेव्हा ते नुसतेच ओट्यावर बसू लागले. शहराचं नाव बदललं, पाटी रंगवली गेली; मामा म्हणाले, पाटी वाचायला मला दिसत नाय, म्हंजी मला तकरार नाय. आणि महापालिकेची मुदत संपली तरी निवडणूक काही लागेना. प्रशासक आले. आज लागेल, उद्या लागेल म्हणता म्हणता वर्षामागून वर्षं गेली. मोठ्या निवडणुका मधून होऊन गेल्या, पण मुलगी तेव्हा अठराची झालेली नव्हती. नळाला आठवड्यानं पाणी यायचं, त्याची तक्रार कुणाकडे करायची तेही कळत नव्हतं. आणि मामा, ज्यांनी आयुष्यात कधी काही मोजलं नाही, ते मला विचारू लागले, "बाई, किती साल झालं वं?" मी सांगायची. मग ते मान हलवायचे, आपण काही वाईट केल्यासारखी.

मुलीचं नाव शेवटी आलं. अर्ज तिच्या वडिलांनी भरला होता, जुन्याच पत्त्यावर. मी छापील यादी मामांना दाखवायला नेली. त्यांनी कागद डोळ्याला लावला, मुलीच्या फोटोवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता लागू द्या निवडनूक. मी बसनार."

निवडणूक लागली, पण ती वॉर्डाची नव्हती. चार-चार वॉर्डांचे प्रभाग झाले होते. नवी हद्द मोठ्या हौदाच्या बरोबर मधून गेली. मामांचं दुकान एका प्रभागात, चिंचेखालचं घर दुसऱ्या, नाल्याकडचा भाग तिसऱ्यात. केंद्रं त्याच शाळेत होती, पण प्रभागांच्या खोल्या वेगळ्या, याद्या वेगळ्या. या प्रभागाच्या मतदाराला त्या प्रभागात एजंट म्हणून कुणी बसवेना. मामा तरीही एका उमेदवाराच्या प्रचार कार्यालयात जाऊन आले. तिथल्या पोरानं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "आजोबा, आता सगळं मोबाइलवर असतंय. वळखायची गरज नाय राह्यली." ते परत आले तेव्हा मी दुकानात होते. ओट्याची पायरी उतरताना त्यांचा तोल गेला. मी हात धरला. एवढा हलका हात असेल असं मला वाटलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी थंडी होती. मतदारांना नाव शोधून द्यायला शाळेच्या पुढच्या फाटकाशी माझं टेबल होतं. मी पोहोचले तेव्हा मामा आधीच तिथं उभे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आत बसता येत नाही तर फाटकाशी उभं राहू, पोर इथूनच जाणार. मी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी मागं सरकवली. बसलं की पाय दिसतील, पण आता त्यांना पायही दिसत नव्हते, हे मला कळत होतं आणि त्यांनाही. आणि दिसून तरी काय? सगळ्यांच्या पायांत एकसारखे पांढरे बूट. दुपारपर्यंत ते येणाऱ्या प्रत्येक मुलीकडे मान पुढं काढून बघत राहिले. ओळखीची माणसं थांबून रामराम घालायची, हमीदभाईंनी दोनदा चहा पाठवला. मामा कुणालाही वळखतो म्हणाले नाहीत. तो शब्द त्यांनी राखून ठेवला होता.

तिसऱ्या प्रहरी एक मुलगी आली. स्कूटीवर बांधतात तसा तोंडाला स्कार्फ, अंगावर कंपनीचं जाकीट. मामा एकदम ताठ झाले. काठी आडवी धरून तिला थांबवलं. "थांब गं माय." आवाज एवढा मोठा की फाटकातली सगळी माणसं वळली. "तू सुबद्राची पोर. मी तुला वळखतो. तुज्या आईला बी वळखतो. समद्यांनी ऐका."

मुलगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. थोड्या वेळापूर्वीच मी तिला चिठ्ठी लिहून दिली होती, विसरलेलं ओळखपत्र घरून घेऊन ती आता परत आली होती. ती दोन गल्ल्या सोडून राहणारी, वेगळ्याच घरातली. सुभद्राशी तिचा काही संबंध नव्हता. मला एवढंच म्हणायचं होतं की मामा, ही ती नव्हे. याच शाळेत एकदा मी बोलायचं नव्हतं तेव्हा बोलले होते. आता बोलायला हवं होतं आणि मी गप्प राहिले. मुलीकडे बघून फक्त 'हो म्हण' अशी मान हलवली.

पोर समजूतदार. "हो आजोबा," ती म्हणाली.

"जा. मत दे. कुनी अडवलं तर मला हाक मार. मी हाय हितं."

ती आत गेली. मामा खुर्चीवर बसले, त्या दिवसात पहिल्यांदा. घोंगडीनं तोंड पुसलं. मला म्हणाले, "झालं बाई." मतदान संपायला वेळ होता, पण ते थांबले नाहीत. स्वतःचं मतही द्यायचं विसरून घरी गेले. मीही आठवण केली नाही. मला त्यांना पुन्हा खोलीत, ओळखपत्र हातात घेऊन, अनोळखी पोरांसमोर उभं करायचं नव्हतं.

त्याच थंडीत मामा गेले. झोपेत, फार त्रास न होता. थोरल्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि बापाचं नाव वगळायचा अर्ज भरायला मला फोन केला. मी गेले तेव्हा दुपार होती. कागदावर शेजारच्या कुणाची तरी सही घ्यायची माझी पद्धत आहे, की आम्ही या माणसाला ओळखतो आणि ते वारले हे खरं. हमीदभाई दवाखान्यात होते. चिंचेखालच्या घराचं दार मात्र उघडं दिसलं. आत एक मुलगी जुन्या ट्रंकेतलं सामान पोत्यात भरत होती. घर विकलं होतं.

मी नाव सांगायच्या आत ती म्हणाली, "तुम्ही त्या बाई. यादीवाल्या."

मी हो म्हणाले. मतदानाला आली होतीस का, असं विचारलं. कशाला विचारलं कुणास ठाऊक.

"आले व्हते की. मागच्या फाटकानं." ती पोत्याचं तोंड बांधत होती. "पुढं ते उभे व्हते, घोंगडी घेऊन. लांबूनच वळखलं. हमीदचाचानं पप्पांना सांगितलं व्हतं ते कशापायी उभे ऱ्हाणार ते."

"मग पुढून का नाही आलीस? दहा वर्षं ते त्याच एका—"

"कामून येऊ?" ती शांतपणे म्हणाली. "आई बोलली, मी हाय. मी बोलले, ही माझी आई हाय. तवा त्यांनी ऐकलं का?" मग ती माझ्याकडे बघू लागली, तशीच, मान जरा वळवून. "तुम्ही ऐकलं का?"

फाटकाशी काय झालं ते तिला सांगावं असं वाटलं, पण ते सांगून मी कुणाचं ओझं कमी करणार होते, तिचं की माझं? मी कागद पुढं केला. सही कुणाचीही चालेल, नको असेल तर राहू दे, असं म्हणाले.

तिनं कागद वाचला. मामांचं खरं नाव ती बहुधा पहिल्यांदाच वाचत होती. "ह्यांना वळखता का, असं लिवलंय."

"हो."

"वळखते की," ती म्हणाली आणि सही केली.

मग पोतं उचलून ती बाहेर पडली. हौदावरच्या फरशीवरून, मामांच्या बंद दुकानासमोरून, रस्त्याकडे. मी दारात उभी राहून तिच्या पायांकडे बघत होते. मामांनी सुभद्राची चाल मला इतक्या वेळा सांगितली होती की ती मला पाठ झाली होती. टाच आधी टेकायची, उजवा पाय जरा बाहेर टाकायचा. पोरगी तशीच चालत गेली.